माथ्यावरचे पाणी : उन्हाळ्यातील एका दिवसाच्या गडवाटेचा पाठ

वार्षिक परीक्षा आटोपली की आमच्या वसतिगृहात दोन प्रश्न ऐकू येऊ लागतात. मुले विचारतात, ‘यंदा गड कोणता?’ आणि त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, ‘एवढ्या उन्हात गड कशाला?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र पहिल्याचे उत्तर सोपे आहे आणि दुसऱ्याचे अवघड. या स्मरणिकेच्या वाचकांत असे अनेक जण आहेत, ज्यांनी विद्यार्थिदशेत आमच्याबरोबर रायगडाच्या पायऱ्या चढल्या आणि जे आज स्वतःच्या लेकरांना घेऊन डोंगरवाटेला लागतात. त्यांच्यासाठी, आणि आपले मूल विश्वासाने आमच्या हवाली करणाऱ्या आई-वडिलांसाठी, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

गड पाहण्याचा उत्तम काळ हिवाळाच होय, याविषयी वाद नाही. परंतु हिवाळ्यात निवासी शाळेचे वर्ग, सहामाही परीक्षा, स्नेहसंमेलन यांतून सलग मोकळा दिवस हाती लागत नाही. पावसाळ्याचा तर विचारच करू नये. आपल्या जिल्ह्यातील डोंगर पावसात काय करू शकतो, हे महाड तालुक्यातील तळिये गावाने जुलै २०२१ मध्ये आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीने जुलै २०२३ मध्ये सोसले आहे. राहता राहिला उन्हाळा. तो नाइलाजाने पदरी पडलेला काळ आहे हे खरे. परंतु हिवाळ्यात गड चढणाऱ्या मुलाला जे कधीच कळत नाही, ते उन्हाळ्यात चढणाऱ्याला पहिल्या तासातच कळते. ते म्हणजे पाणी. उन्हाळ्यातील डोंगराचा दिवस किलोमीटरांनी मोजावयाचा नसतो आणि पादाक्रांत केलेल्या शिखरांनीही नाही. तो पाण्याने मोजावयाचा असतो. गडावरील जुने बांधकाम पाहिले तर ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींना पुरेपूर ठाऊक होती असे दिसते.

सावली हरवण्याचे दिवस

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन हा आपला किनारा आणि सह्याद्रीची धार यांच्यामध्ये कोकणपट्टी अगदीच अरुंद आहे. सकाळी खाडीकाठी असलेला माणूस त्याच दिवशी डोंगरमाथ्यावर उभा राहू शकतो. रायगडाची उंची सुमारे ८२० मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपुढे ती निम्मीच आहे. परंतु कळसूबाईच्या पायथ्याचे गाव मुळातच घाटमाथ्यावर उंच वसलेले आहे, तर रायगडाचा पायथा कोकणात आहे. त्यामुळे चढ आकड्याच्या मानाने फार अंगावर येतो. चौदाशेहून अधिक पायऱ्या, आणि त्या संपल्यावर टकमक टोक, हिरकणी बुरूज, भवानी टोक अशी चहूकडे पसरलेली टोके. एका दिवसात ती सारी पाहावयाची तर माथ्यावरच काही किलोमीटरांची पायपीट होते.

शाळेच्या भूगोलात आपण शिकतो की उंचीवर हवा थंड होते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश, हे प्रमाण धरले तर रायगडाच्या माथ्यावर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच अंश कमी तापमान असावयास हवे. हवेपुरते ते खरेही आहे. मात्र गडावर चालणारा माणूस केवळ हवेत नसतो. पायाखाली आणि आजूबाजूला काळा बेसाल्ट असतो. तो सकाळी दहापासून तापू लागतो आणि घेतलेली उष्णता संध्याकाळपर्यंत परत देत राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट सूर्याची. रायगड सुमारे १८ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे बारा-तेरा तारखेच्या सुमारास, सूर्य येथे मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास जमिनीत उभी रोवलेली काठी सावली टाकीनाशी होते. आम्ही हा प्रयोग मुलांकडून करवून घेतो आणि तो त्यांना अतिशय आवडतो. स्वतःची सावली पायांखाली गेलेली पाहून लहान मुले उड्या मारू लागतात. परंतु या प्रयोगाचा दुसरा अर्थ गंभीर आहे. काठीला सावली नाही म्हणजे भिंतीलाही नाही. मेच्या मध्यान्ही भिंतीच्या आडोशाने ऊन टळत नाही. छप्पर असेल तरच टळते. आणि रायगडावर छप्परे कुठे आहेत? मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आगडोंब उसळला, त्यात राजवाड्यासह बहुतेक इमारती जळाल्या आणि दगडी जोती तेवढी उरली. राजसभा, बाजारपेठ, राण्यांचे महाल यांतून हिंडताना आपण खरोखर छप्पर नसलेल्या नगरातून हिंडत असतो. नगारखान्याची कमान, जगदीश्वराचे मंदिर, माथ्यावर राहणाऱ्या कुटुंबांची घरे आणि रज्जुमार्गाजवळच्या इमारती एवढाच काय तो आसरा. कोणत्या वेळी कुठे असावयाचे हे ज्याने आधी ठरविले नाही, त्याला ऐन दुपारी ते ठरविता येत नाही.

मे महिन्यात रायगड चढणारे आपण काही पहिले नव्हेत. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन १६७४ च्या मे महिन्यातच मुंबईहून निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर असा किनारा आणि खाडी मागे टाकीत तो पाचाडला पोहोचला. शिवाजी महाराज त्या वेळी प्रतापगडावर भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून त्याला काही दिवस पायथ्याशीच मुक्काम करावा लागला. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने गडावर पाहिला. त्याच काळात हिंदुस्थानात असलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने या मुक्कामाची एक मौजेची हकिकत लिहून ठेवली आहे. इंग्रज मंडळींना रोज मांस लागे. गडाला मांस पुरविणारा खाटीक वृद्ध झालेला होता. गेल्या कित्येक वर्षांत विकले नाही एवढे मांस थोड्या दिवसांत खाणारे हे कोण लोक, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी तो म्हातारा मुद्दाम गड चढून आला. राज्याभिषेकाच्या वर्णनांत हत्ती, सिंहासन, छत्र यांना पुष्कळ जागा मिळते. आमच्या पाठात मात्र ऐन उन्हाळ्यात केवळ कुतूहलापोटी वर आलेल्या त्या वृद्धालाही जागा आहे. त्याच्यापाशी ना उन्हाची टोपी होती ना मीठ-साखरेची पुडी. परंतु जन्मभर त्याच हवेत वावरलेले शरीर होते. ती गोष्ट आपल्या मुलांपाशी नसते.

घाम वाळला तरच उपयोगाचा

ऊन सोसण्याची शक्ती ही केवळ मनोधैर्याची बाब आहे, असे मानणारे पालक आणि काही शिक्षकही आम्हास भेटतात. हा समज धोक्याचा आहे. शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाने. त्यातही घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. तोच घाम हनुवटीवरून ठिबकून मातीत पडला तर पाणी गेले, मीठ गेले आणि गारवा काहीच मिळाला नाही. विदर्भातील कोरड्या उन्हात घाम येताच वाळतो. कोकणातील हवा समुद्रावरच्या बाष्पाने आधीच भरलेली असते, म्हणून येथे तो निथळतो. नागपूरचा पारा ४४ आणि महाडचा ३८ असेल तर महाडकर सुखी, असा हिशेब करणे म्हणूनच चुकीचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दोन घटना या संदर्भात मुलांसमोर ठेवाव्यात. २८ मार्च २०१७ रोजी भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि कोकणातील एका लहानशा गावाचे नाव देशभर पोहोचले. दुसरी घटना दुःखद आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या समारंभास लाखो लोक बसले होते. उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या दिवशी त्या परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. तेथील माणसे डोंगर चढत नव्हती, नुसती बसलेली होती. चढणाऱ्या माणसाच्या शरीरात स्नायूंच्या श्रमाने आणखी उष्णता निर्माण होत असते, याची त्यात भर घालून पाहावी.

शरीराला उन्हाची सवय लावता येते, हे मात्र निश्चित. रोज थोडा वेळ उन्हात चालण्याचा सराव सात ते चौदा दिवस ठेवला, तर घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठही कमी होते. गडाच्या आधीचे दोन आठवडे आम्ही मुलांना सकाळी शाळेमागच्या टेकडीवर नेतो, ते व्यायामासाठी असे पुष्कळांना वाटते. खरा हेतू हा आहे. वर्षभर पंख्याखाली बसून आलेल्या, सुट्टीत मामाकडे आलेल्या मुलाला एकाएकी गडावर नेऊ नये; मग ते मूल कितीही धडधाकट दिसो.

वेळेचे गणित यातूनच निघते. पाचाड हे गडाच्या पश्चिम अंगाला आहे. त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो आणि पायऱ्यांवर बराच वेळ डोंगराचीच सावली पडलेली असते. निसर्गाने दिलेली ही सवलत साडेपाचला निघणाऱ्याला मिळते. न्याहारी करून, फोटो काढून आठला निघणाऱ्याला मिळत नाही. खूबलढा बुरुजापाशी उजाडावे, महादरवाजात पहिली मोठी विश्रांती व्हावी आणि आठपर्यंत हत्ती तलाव गाठावा, अशी चाल ठेवावी. टकमक टोक आणि हिरकणी बुरूज यांसारखी उघडी टोके दहाच्या आत पाहून घ्यावीत. सकाळी वारा पडलेला असतो. खारे वारे किनाऱ्यावर उशिरा सुरू होतात आणि एवढे आत, एवढ्या उंचीवर यायला त्यांना दुपार होते. अकरा ते साडेतीन छपराखाली बसावे. हा वेळ वाया गेला असे मुलांना वाटते. त्यांना सांगावे की गडावरची माणसेही या वेळी बसूनच असतात. त्यांच्या घरी पिठले-भाकरी आणि ताक मिळते; ते विकत घेऊन खावे, डबे वाहून नेण्याचा हट्ट धरू नये. उतरणे चारनंतर. तेव्हा ऊन समोरून, तोंडावर येते आणि थकलेले गुडघे पायऱ्यांवर लटपटतात, म्हणून उतरताना चढण्याहून अधिक पाणी जवळ असावे. नेमके याच वेळी बहुतेकांच्या बाटल्या रिकाम्या असतात.

शिलालेखातील अनुक्रम

जगदीश्वराच्या मंदिरापाशी एक संस्कृत शिलालेख आहे. शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्याच काळातील. गडाचे बांधकाम करणारे हिरोजी इंदुलकर यांचे नाव त्यात आहे. मंदिराच्या पायरीवर त्यांच्या सेवेची साक्ष देणारी ओळ कोरलेली आहे, ती सर्वांना पाठ असते. हा मोठा लेख मात्र फारसे कोणी वाचीत नाही. आम्ही मुलांना त्याचा अनुक्रम पाहावयास सांगतो. देवालयाचा उल्लेख झाल्यावर गडावर काय काय उभारले त्याची यादी येते, आणि त्या यादीत प्रथम येतात त्या वापी, कूप आणि तडाग, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, आड आणि तळी. त्यानंतर वने, त्यानंतर स्तंभ, गजशाळा आणि राजगृहे. छंदाच्या सोयीसाठी शब्द असे बसले असतील असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. ज्याने त्या कातळावर राजधानी वसविली, त्याला पाण्यापासूनच आरंभ करावा लागला असणार, एवढे कोणत्याही गवंड्याला विचारून पाहावे.

कारण बेसाल्टचा माथा म्हणजे उपडे घातलेले परात. कोकणात पाऊस विपुल पडतो, आणि पडतो तितक्याच वेगाने कड्यांवरून खाली निघून जातो. तो अडविण्यासाठी खोदावे लागते. खोदलेला दगड बांधकामास वापरावयाचा आणि खोदलेल्या जागी पाणी साठवावयाचे, अशी ती दुहेरी युक्ती होती. गंगासागर तलाव उन्हाळ्यातही पाणी राखून असतो. हत्ती तलाव वर्षानुवर्षे गळत राहिला आणि पावसाळा सरताच कोरडा पडत गेला. त्याची गळती बुजविण्याचे काम अलीकडच्या काळात हाती घेण्यात आले. जगदीश्वराच्या पलीकडे भवानी टोकाच्या वाटेवर बारा टाकी आहेत. ही सर्व ठिकाणे नकाशावर लिहून घ्यावीत. पण त्यांच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन चढू नये. उघड्या साठ्यातील पाणी कापडाने गाळल्यास गाळ जातो, जंतू जात नाहीत. उकळावे किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात.

गाळण्याचा विषय निघाला म्हणून एक जुनी कथा सांगतो. भिक्खुसंघाने पावसाळ्याचे महिने एका जागी वर्षावास करावा आणि उरलेला काळ चारिका करावी, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. याचा सरळ अर्थ असा की भिक्खूंचे चालणे उन्हाळ्यातही होई. त्यांच्यापाशी पाणी गाळण्याचे फडके असे. पाली भाषेत त्याला परिस्सावन म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म जीव पोटात जाऊ नयेत म्हणून न गाळलेले पाणी ते पीत नसत. विनयपिटकातील चुल्लवग्गात पुढील प्रसंग आहे. कोसल देशातून दोन भिक्खू प्रवास करीत होते. त्यांपैकी एकाचे वर्तन अयोग्य होते. दुसऱ्याने त्याला टोकले. पहिल्याने त्याचा राग मनात धरला. पुढे वाटेत टोकणाऱ्या भिक्खूला अतिशय तहान लागली. त्याच्यापाशी गाळणे नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले. सोबत्याने दिले नाही. तो भिक्खू तहानेने तडफडून वाटेतच मरण पावला.

ही हकिकत तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी त्या सोबत्याची कठोर निर्भर्त्सना केली आणि दोन नियम घालून दिले. प्रवासात सोबत्याने गाळणे मागितले तर नाकारू नये. आणि गाळणे बरोबर घेतल्यावाचून प्रवासास निघूच नये. दुसऱ्या नियमाला लगेच एक सवलतही जोडली. गाळणे नसेलच, तर आपल्या संघाटीचा पदर गाळणे म्हणून वापरावयाचे मनाशी ठरवून निघावे. आम्हास या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे वाटते की नियम दोन्ही बाजूंनी आहेत. देणाऱ्यालाही बंधन आहे आणि निघणाऱ्यालाही. केवळ पहिलाच नियम असता तर आळशी लोकांनी सोबत्याच्या जिवावर प्रवास केला असता. केवळ दुसराच असता तर ज्याची बाटली वाटेत फुटली त्याला कोणी विचारले नसते. आमच्या गडवाटेचे जे दोन नियम माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असतील, ते येथून घेतलेले आहेत. पाणी नसलेले मूल पाचाडहून पुढे जात नाही. आणि मागितलेले पाणी कोणी नाकारीत नाही, भांडण झालेले असले तरी.

महाडजवळची गांधारपाले लेणी गडावरून परतताना पाहता येतात. गांधारी आणि सावित्री यांच्या संगमाकडे तोंड करून डोंगराच्या कुशीत ती कोरलेली आहेत. तिकडे किनाऱ्याजवळ, मांदाडच्या खाडीवर कुडे लेणी आहेत. बंदरांतून घाटांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर ही वसतिस्थाने उभी राहिली. कोकण आणि सह्याद्रीतील लेण्यांच्या दानलेखांत ‘पोढी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कोणी खोली दान देई, तर कोणी पोढी. चैत्यगृहापुढे उभे राहून छायाचित्र काढणारे पुष्कळ असतात. आपण मुलांना आधी टाके दाखवावे. कातळात उतरलेले ते चौकोनी तोंड, आत थंडगार अंधार आणि खाली पाणी. उन्हाळ्याच्या दिवशी पायपीट करून आलेल्या मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही.

चाळीस रुपयांचे पाणी

पाचाडहून महाड सुमारे २५ किलोमीटर आहे. गडाच्या पाठाला महाडचा भाग जोडण्यावर काही जणांनी आक्षेप घेतला होता की, गिरिभ्रमणात सामाजिक इतिहास कशाला आणावा. आमच्या मते तो आणावा लागत नाही. वाटच तेथून जाते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हाच जिल्हा पुढे रायगड जिल्हा झाला. मार्चच्या उन्हात, कोणी शंभर मैलांहून दुरून, पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या वृद्धांपर्यंत हजारो लोक भाकरीची गाठोडी घेऊन आले. भाकरी बरोबर आणता येते. पाणी किती आणणार? गावात तळे होते आणि त्याच्या पाण्यावर गुराढोरांना बंदी नव्हती. ही माणसे मात्र त्याला शिवू शकत नव्हती. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झालेला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केलेला होता. तरीही परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग ते लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर झालेला हल्ला, डिसेंबरमधील दुसरी परिषद, आणि दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल हा इतिहास आपल्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगड पाहावयास गेले होते, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

सामाजिक समतेचे धडे वर्गातही देता येतात. परंतु घसा कोरडा पडलेला असताना, जीभ टाळूला चिकटलेली असताना, समोर पाणी दिसते आणि ते घेता येत नाही म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलाला फळ्यावर लिहून कळत नाही. गडावरून उतरलेले मूल चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसते तेव्हा त्याला चाळीस रुपयांचा अर्थ विचारून पाहावा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी

मोठ्या मुलाने पाचाडला निघताना चार लिटर पाणी घ्यावे, लहानाने तीन. ओझे वाटते, पण दर घोटाला ते हलके होत जाते. चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही थोडे थोडे. तहान लागण्याची वाट पाहू नये. त्याचबरोबर नुसते साधे पाणी भराभर लिटरच्या लिटर पिणेही घातक आहे, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण त्याने घसरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवे. लिंबू पिळले तर उत्तम. कोकमाचे सरबतही चालते, मात्र त्यात मीठ घालावे. बाटलीबंद रंगीत शीतपेये गडावर मिळतात, ती टाळावीत.

पायात गोळे येणे ही पहिली सूचना. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, चेहरा पांढरा पडणे ही दुसरी. अशा मुलाला सावलीत आडवे करावे, पाय किंचित उंच ठेवावेत, मीठ-साखरेचे पाणी द्यावे, आणि त्या दिवसापुरते त्याचे चालणे संपले असे समजावे. हिरकणीवाडीहून १९९६ पासून रज्जुमार्ग चालू आहे; तो अशा वेळी उपयोगी पडतो. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळत चालू लागले, ओळख विसरू लागले, तर तो उष्माघात होय. अशा वेळी घाम आटलेलाच असेल असे नाही. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते, आणि येथेच भले भले फसतात. क्षणाचाही विलंब न लावता कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, ओल्या कापडाने पुसत राहावे, जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. सर्वांच्या बाटल्यांतले पाणी त्या एका मुलाच्या अंगावर ओतावे लागले तरी ओतावे. ते पिण्यासाठी राखून ठेवण्याचा विचार त्या क्षणी मनात आणू नये.

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर पूर्वेकडे ढग चढताना दिसले, की ते वळिवाचे समजून टोके आणि एकाकी झाडे सोडावीत. वीज उंच जागा शोधते आणि त्या भागात गडाचा माथा उंच असतो.

लांबच्या प्रवासाची सोय नसणाऱ्यांनी हाच पाठ जवळ गिरवावा. अलिबागकरांना सागरगड आणि कनकेश्वर आहे, पनवेलकरांना कर्नाळा. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेली टाकी आहेत, ती पाहण्यासारखी आहेत. सुधागडचा विस्तीर्ण माथा मोठ्या मुलांसाठी ठेवावा.

गडावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुले वहीत तीन रकाने आखतात. बरोबर नेलेले पाणी, स्वतः प्यालेले पाणी, आणि दुसऱ्याला दिलेले किंवा दुसऱ्याकडून घेतलेले पाणी. मग फळ्यावर साऱ्या वर्गाची बेरीज होते. पहिले दोन रकाने साधारण जुळतात. तिसऱ्यात दिलेल्या पाण्याची बेरीज घेतलेल्या पाण्याहून नेहमीच बरीच अधिक भरते, आणि त्यावरून वर्गात तास संपेपर्यंत वाद चालतो.